चाळीस मिनिटं

पट्ट्यावरचा हिरवा दिवा लागला आणि दहा मोजायच्या आत वैजयंताबाईंच्या दोन्ही गुडघ्यांतलं दुखणं गेलं. कमी झालं नाही, गेलं. नऊ वर्षं उठता-बसता, कूस बदलता, मोरीत जाता-येता सोबत असलेली कळ अशी निघून गेली, की क्षणभर आपले पायच जागेवर नाहीत असं त्यांना वाटलं. त्यांनी वाकून पोटरीला हात लावून पाहिला.

"आहेत पाय, कुठे गेले नाहीत," रुबीना मुल्ला म्हणाली. "आता खुर्चीतून उठा मावशी. हात न टेकता."

वैजयंताबाई उठल्या. बसल्या. परत उठल्या. मग तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. केंद्रात पहिल्या दिवशी बहुतेक जण रडत. रुबीनानं पाण्याचा पेला पुढे केला आणि त्या शांत होईपर्यंत ती थांबली.

इचलकरंजीतलं हे व्यायामकेंद्र एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये होतं. येणारी माणसंही तिथलीच. उभं आयुष्य मागापुढे उभं राहून काढलेली, साठी उलटलेली, गुडघ्यांनी जेरीस आलेली. वैजयंताबाईंनी स्वतः एकोणतीस वर्षं मागांसाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. रुबीना फिजिओथेरपिस्ट होती, तिशीतली, बोलायला स्पष्ट. पहिल्या दिवशी ती प्रत्येकाला तेच सांगायची, आणि सांगून झाल्यावर त्याच्याकडून वदवून घ्यायची.

गुडघ्यातली कूर्चा झिजली की ती परत येत नाही. पण गुडघा नुसता कूर्चेवर उभा नसतो, मांडीचे स्नायू त्याचा निम्मा भार झेलतात. दुखतं म्हणून माणूस हालचाल टाळतो. हालचाल नाही म्हणून मांडी वाळते. मांडी वाळली की सगळा भार हाडावर येतो आणि आणखी दुखतं. यावर उपाय व्यायाम, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत होतं. पण ज्याला जिन्याच्या दोन पायऱ्या चढताना ब्रह्मांड आठवतं, तो मांडीला वजन बांधून उठबस करणार कशी? पट्टा आला तो या अडचणीवर. गुडघ्यावर गुंडाळायचा तो पट्टा एका विशिष्ट लयीत सूक्ष्म वीजलहरी सोडी. स्नायू हलवणाऱ्या नसांना त्या धक्का लावत नसत, फक्त वेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा गप्प करत. तेवढ्या वेळात भरपूर व्यायाम करून घ्यायचा. बारा आठवड्यांत मांडी भरते, हालचालीची मेंदूत बसलेली भीती जाते, आणि पट्ट्याची गरजच उरत नाही.

"मग दिवसभरच का बांधून ठेवू नये?" वैजयंताबाईंनी विचारलं. हाही सगळ्यांचाच प्रश्न.

"कारण कळ म्हणजे पहारेकरी आहे. पाऊल वाकडं पडलं की ती ओरडते आणि तुम्ही नकळत भार दुसऱ्या पायावर टाकता. तिला झोपवून तुम्ही चालत राहिलात, तर आत हाडाचा चुरा झाला तरी पत्ता लागणार नाही. म्हणून दिवसाला चाळीस मिनिटं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पट्टा सुरूच होत नाही. आणि घरी काय करता ते सगळं माझ्या पडद्यावर दिसतं, हे लक्षात ठेवा."

वैजयंताबाईंनी मान डोलावली. घरी जाताना रिक्षात त्या एकच हिशेब करत होत्या. चाळीस मिनिटांत हे किती लांब जात असतील?

हे म्हणजे श्रीरंग म्हेत्रे, त्यांचे यजमान. वय एकाहत्तर. वीज कंपनीत मीटर वाचायला होते. गावातली घरं, पेठेतली दुकानं, नदीकाठच्या मळ्यांतले पंप, सगळीकडे पायी हिंडून त्यांनी नोकरी केली. तीन वर्षांपूर्वी त्यांना माणसांची नावं आठवेनाशी झाली, मग माणसं. पाय मात्र शाबूत राहिले. दिवसातून एकदा तरी ते पायांत चपला सरकवायचे आणि चालू लागायचे. मनगटावर बांधलेल्या घड्याळामुळे ते कुठे आहेत हे फोनवर कळायचं, पण आणायला माणूस लागायचं. सुरुवातीला शेजारचे हुपरीकर धावायचे. मग तेही दमले. दार लावून घेतलं तर श्रीरंगराव दारावर थापा मारत राहायचे, हात निळा पडेपर्यंत.

मुलगी ऋतुजा पुण्याला होती. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि दर रविवारी तेच बोलणं व्हायचं.

"आई, बाबांसारख्यांसाठी असलेलं ते निवास मी बघून आलेय. चांगली माणसं आहेत. बाबांना तिथे ठेवू. तू माझ्याकडे ये."

"तिथे त्यांना कोण ओळखणार?"

"ते तरी कुणाला ओळखतात, आई?"

शेवटी त्यांनी मुदत मागून घेतली होती. "बारा आठवडे थांब. माझे पाय बरे झाले की मी त्यांच्या मागे जाऊ शकेन. नाही जमलं तर तू म्हणशील तसं."

ऋतुजा म्हणाली होती, "बारा आठवडे. त्यात तू कुठे पडलीस तर मला सांगशील ना?"

"सांगेन."

पट्टा घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी श्रीरंगराव निघाले. वैजयंताबाईंनी त्या दिवसाचा व्यायाम केला नव्हता. त्यांनी पट्टे बांधले, बटण दाबलं आणि त्यांच्या मागोमाग निघाल्या. कितीतरी वर्षांनी त्या रस्त्यावरून सरळ चालत होत्या. गांधी पुतळ्यापाशी त्यांनी नवऱ्याला गाठलं, हातात हात घेतला. श्रीरंगराव निमूट वळले. घर दोन गल्ल्यांवर असताना चाळीस मिनिटं संपली, आणि वैजयंताबाई एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या. पण मनात आनंद होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच केलं. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही.

चौथ्या आठवड्यात रुबीनानं त्यांना बाजूला बसवलं.

"मावशी, हे बघा. घरचा व्यायाम शून्य. चालणं रोज तीन-चार किलोमीटर. कुणाच्या मागे पळताय?"

वैजयंताबाईंनी सांगितलं. रुबीनानं सगळं ऐकून घेतलं.

"नियमानं मी आत्ता पट्टे काढून घ्यायला हवेत," ती शेवटी म्हणाली. "घेत नाही. पण हे तुमच्या ध्यानात येतंय का? ही चाळीस मिनिटं काकांवर घालवलीत तर तुम्हाला रोज फक्त चाळीसच मिनिटं मिळणार. पायांवर घालवलीत तर बारा आठवड्यांनी अख्खा दिवस मिळेल."

"आणि तोवर ते कुठे निघून गेले तर?"

"तोवर दार लावा," रुबीना म्हणाली. म्हणताना तिनं नजर खाली घातली.

वैजयंताबाईंनी दार लावायला सुरुवात केली. रोज सकाळी जेवणाआधी त्या श्रीरंगरावांना आत बसवायच्या, बाहेरून कडी घालायच्या आणि व्हरांड्यात खुर्ची ओढायच्या. पंधरा वेळा उठबस, तीन फेऱ्या. पायाला वजन बांधून गुडघा सरळ करणं. पायरी चढणं, उतरणं. दाराच्या आतून थापा सुरू व्हायच्या. "कोण आहे? दार उघडा. मला कामावर जायचंय." त्या मोजत राहायच्या. कधी आकडा चुकायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. कळ नव्हती, पण डोळ्यांना धार लागलेली असायची. चाळीस मिनिटं झाली की दार उघडून आधी त्यांचे तळहात खोबरेल तेलानं चोळून द्यायच्या.

केंद्रात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर निंगाप्पा चौगुले असायचे, मागांचे जुने जॉबर. बिघडलेला माग दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे कुठलंही यंत्र हातात आलं की त्याची खोड शोधल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एक दिवस रुबीना आत गेलेली बघून ते हळूच म्हणाले, "वैनी, ह्यो पट्टा लई साधा हाय. हे बटन दाबून धरा, बारा मोजा. त्येला वाटतंय नवीन पेशंट आला. नाव इचारतोय. कायबी नाव सांगा, परत चाळीस मिंटं. मी दिसभर हिंडतोय बघा."

"मॅडम काय म्हणाल्या ते विसरलात का?"

"मॅडमचं गुडघं अजून दुकलं न्हाईत," चौगुले म्हणाले.

वैजयंताबाईंनी ऐकून सोडून दिलं. सातव्या आठवड्यात चौगुल्यांची खुर्ची रिकामी दिसली. रुबीनानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की मळ्यातून फिरून आल्यावर त्यांच्या बायकोनं पाय सुजलेला पाहिला. फोटो काढला तर गुडघ्याखालचं हाड खचलं होतं. ते त्यावर दोन दिवस चालत होते. पट्ट्याच्या कंपनीला कळवलंय, ती म्हणाली, पण दुरुस्ती यायला वेळ लागेल. तोवर मला तुमच्या शब्दावर विसंबून राहावं लागेल. त्या दिवशी घरी जाऊन वैजयंताबाईंनी नेहमीपेक्षा एक फेरी जास्त केली.

आणि फरक पडायला लागला. नवव्या आठवड्यात पट्टा नसतानाही मोरीची पायरी कठडा न धरता उतरता आली. दहाव्या आठवड्यात त्या भाजी घेऊन पायी घरी आल्या. कळ होती, पण आता ती नुसती कुरकुर होती. ऋतुजाला फोनवर हे सांगताना त्यांचा आवाज मोकळा होता. मग ऋतुजा म्हणाली, "आई, खरंच जमेल असं वाटतंय का गं?"

"अजून दोन आठवडे."

अकराव्या आठवड्यातल्या मंगळवारी वैजयंताबाईंनी सकाळचा व्यायाम आटोपला, दार उघडलं, श्रीरंगरावांना वरण-भात भरवला. ते पेंगलेत असं बघून त्या अंघोळीला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं.

फोनवर ठिपका दिसत होता. गावाबाहेर, नदीच्या अंगाला, उसाच्या रानात. त्यांनी पोलिसांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. उत्तर देणाऱ्या बाईनं शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि गाडी तासाभरात पोचेल असं सांगितलं. हुपरीकर कोल्हापूरला गेले होते. वैजयंताबाईंनी पट्टे आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि रिक्षा बोलावली. बिनचालकाची रिक्षा डांबरी रस्ता संपला तिथे थांबली. "पुढे रस्ता नाही," ती म्हणाली आणि दार उघडून वाट बघत राहिली.

चैत्रातलं ऊन होतं. दोन्ही बाजूंना डोक्यावरून वर गेलेला ऊस, मधे बांधाची वाट. पूर्वी अशा वेळी मळ्यात दोन-चार माणसं तरी असायची. आता पाणी घरबसल्या सोडतात, फवारणी ड्रोन करतात. हाक मारली तर ऐकायला कुणी नव्हतं. वैजयंताबाई स्वतःच्या पायांवर निघाल्या आणि बरंच चालल्या. अकरा आठवड्यांच्या कष्टानं त्यांना एवढं नक्की दिलं होतं. पण नांगरटीच्या ढेकळांत पाय वाकडेतिकडे पडू लागले, आणि ठिपका अजून दूर होता. अर्ध्या तासानं कळ मांडीपर्यंत चढली. त्या बांधावर बसल्या, पट्टे काढले, गुडघ्यांवर गुंडाळले. आजची मिनिटं सकाळीच संपली होती. त्यांनी दोन्ही बटणं दाबून धरली आणि बारा मोजले.

"नमस्कार," पट्टा म्हणाला. "आज तुमचा पहिला दिवस आहे. नाव सांगा."

काय सांगावं हे त्यांना सुचेना. मग तोंडातून कांड्या भरणाऱ्या जुन्या मैत्रिणीचं नाव निघालं. "शेवंता."

दिवा हिरवा झाला. त्या उठल्या आणि जवळजवळ धावतच ठिपक्यापाशी गेल्या. तिथे सरीत घड्याळ पडलेलं होतं. श्रीरंगरावांनी ते काढून टाकलं होतं.

वैजयंताबाई तिथेच उभ्या राहिल्या. चहूकडे ऊस. कुठलीही दिशा धरली तरी सारखीच. पाती वाऱ्यानं सळसळायची आणि प्रत्येक वेळी तिकडे कुणीतरी आहे असं वाटायचं. त्यांनी "अहो" म्हणून हाका मारल्या, घसा बसेपर्यंत. मग स्वतःला बजावलं, की रडायचं नाही, विचार करायचा. ते रोज कुठे जायला निघतात? कामावर. या बाजूला त्यांचं काय काम होतं? मळ्यांतले पंप. नदीकाठानं एकामागून एक असलेल्या मोटारपेट्या. महिन्यातून एकदा ते ही फेरी करायचे आणि दिवस कलताना चिखलानं भरलेल्या पायांनी परत यायचे.

त्या नदीच्या दिशेनं निघाल्या. पहिल्या पेटीपाशी कुणी नाही. दुसरीपाशीही नाही. मधे दिवा विझला, त्यांनी पुन्हा बटण धरलं. "आज तुमचा पहिला दिवस आहे. नाव सांगा." "मुमताज." पुढे कधीतरी पुन्हा. "आक्काताई." कांड्या भरणाऱ्या त्या तिघीजणी आता हयात नव्हत्या.

चौथ्या पेटीपाशी श्रीरंगराव उभे होते. विजार कमरेपर्यंत भिजलेली, एक चप्पल नाही, ओठ सुकलेले. पेटीच्या बंद झाकणाकडे टक लावून ते आकडे पुटपुटत होते. वैजयंताबाईंनी पिशवीतलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. ते घटाघटा प्यायले.

"झालं का काम?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"झालं," श्रीरंगराव म्हणाले आणि चालू लागले.

त्या मागोमाग निघाल्या. बांध उतरताना उजवा पाय ढेकळावर पडला आणि आतून आवाज आला, वाळलेली काटकी मोडावी तसा. दुखलं काहीच नाही. वैजयंताबाईंनी खाली पाहिलं. पाऊल बाहेरच्या बाजूला कललं होतं, आणि गुडघ्याची एक बाजू आत गेली होती.

हे काय आहे ते त्यांना कळलं. चौगुल्यांचा पाय त्यांनी पाहिला नव्हता, पण रुबीनानं फोटो दाखवला होता. आता इथेच बसायला हवं. पाय सरळ ठेवून, न हलता. पोलिसांची गाडी कधीतरी येईल.

श्रीरंगराव वीसेक पावलं पुढे गेले होते. वाट दुभंगत होती, एक फाटा रस्त्याकडे, एक परत नदीकडे. ते नदीकडच्या फाट्यावर वळले.

"अहो, थांबा," त्या ओरडल्या. ते थांबले नाहीत.

वैजयंताबाईंनी त्या पायावर भार टाकला. पाय वाकला, पण उभा राहिला. मांडी धरून होती. अकरा आठवड्यांत भरलेली मांडी मोडलेलं हाड पेलत होती. त्यांनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि चालायला लागल्या. प्रत्येक पावलाला आत काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, आणि तो ऐकू नये म्हणून त्या मोठ्यानं पावलं मोजत होत्या. फाट्यापासून पन्नास पावलांवर त्यांनी नवऱ्याचा दंड धरला आणि त्यांना वळवलं. तिथून डांबरी रस्ता एक किलोमीटर होता. त्या तो चालून आल्या. मधे दिवा विझायला आला तेव्हा त्यांनी एका हातानं श्रीरंगरावांना धरून ठेवलं, दुसऱ्यानं बटण दाबलं.

"आज तुमचा पहिला दिवस आहे. नाव सांगा."

"वैजयंता म्हेत्रे," त्या म्हणाल्या.

पोलिसांची गाडी उशिरानं का होईना, रस्त्यावर येऊन उभी होती. श्रीरंगरावांना आत बसवल्यावर वैजयंताबाईंनी स्वतःच्या हातानं पट्टे सोडले. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून हवालदार मागे सरला.

दवाखान्यात रुबीना आली ती फोटो बघूनच. खाटेजवळच्या स्टुलावर बसली.

"पट्टे मी चौथ्या आठवड्यातच काढून घ्यायला हवे होते," ती म्हणाली.

"मग मी त्या पेटीपर्यंत पोचलेच नसते."

"हाड चार जागी फुटलंय, मावशी. पट्टी आणि स्क्रू घालतील. तीन महिने पाय टेकायचा नाही. त्यानंतर किती चालता येईल ते मला सांगता येत नाही. पट्टा मात्र तुम्हाला आता पुन्हा कधीच लावता येणार नाही."

"आणि ते?"

रुबीनानं दाराकडे पाहिलं. दारात ऋतुजा उभी होती, पुण्याहून आलेली, डोळे सुजलेले. तिनं आईच्या कपाळावर हात ठेवला. निवासाचं नाव ती बोलली नाही. वैजयंताबाईच म्हणाल्या, "घेऊन जा त्यांना."

श्रीरंगराव निवासात गेले. वैजयंताबाई ऋतुजाकडे गेल्या नाहीत, त्या आपल्या घरातच राहिल्या. रुबीना केंद्र संपल्यावर आठवड्यातून दोनदा यायची. आधी पडल्या पडल्या मांडी आवळून धरणं, मग पाय सरळ उचलणं, मग खाटेच्या कडेला बसून. प्रत्येक वेळी कळ टाळूपर्यंत जायची. तोंडात रुमाल धरून त्या व्यायाम करायच्या. व्हरांड्यात आता थापा ऐकू येत नव्हत्या. कुणालाच कोंडलेलं नव्हतं, आणि आकडा चुकवणारं काही उरलं नव्हतं.

"इतकं कशासाठी करताय?" एकदा रुबीनानं विचारलं. "आता कुणाच्या मागे जायचंय?"

"माहीत नाही," वैजयंताबाई म्हणाल्या. "पाय उचलायला धर."

दिवाळीनंतर ऋतुजा त्यांना निवासात घेऊन गेली. पुण्याबाहेर टेकडीच्या पायथ्याशी बैठी इमारत, मधे बाग आणि बागेभोवती कठडा असलेली गोल वाट. चालणाऱ्या माणसांना इथे कुणी अडवत नसे. वाट कुठेच जात नव्हती आणि कुठे थांबतही नव्हती.

श्रीरंगराव चालत होते. स्वच्छ सदरा, दाढी केलेली. चार वर्षांपूर्वी दिसायचे त्याहून बरे. वैजयंताबाई काठी टेकत वाटेवर उतरल्या. "आई, बस ना," ऋतुजा म्हणाली. पण त्या निघाल्या होत्या.

"अहो," त्यांनी हाक मारली. श्रीरंगराव वळले नाहीत. अंतर वाढत गेलं. वाटेच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊनच गुडघा अडकला. वैजयंताबाईंनी कठडा धरला आणि डोळे मिटले. अकरा आठवडे, मग सात महिने, आणि एवढंच अंतर.

पाठीमागे पावलं वाजली. वाट गोल होती. श्रीरंगराव तिला वळसा घालून मागून येत होते. त्यांच्याजवळ आल्यावर त्यांची चाल मंदावली. ते थांबले आणि अनोळखी बाईकडे बघावं तसं त्यांनी अदबीनं पाहिलं.

"पाय दुखतोय तुमचा," ते म्हणाले.

"हो."

"मग सावकाश चला. घाई कशाला? मी आहे इथेच."

ते पुढे गेले. वैजयंताबाईंनी काठी सावरली. ते दिसेनासे होईपर्यंत त्यांच्या पाठीकडे पाहिलं आणि एक पाऊल टाकलं. कळ मांडीपर्यंत चढली, उतरली. दुसरं टाकलं. बागेच्या पलीकडच्या बाजूनं त्यांची पावलं पुन्हा जवळ येत होती.